ट्यूक्सबरी: अ‍ॅबी बघाच, पण नदीकाठचं कुरण चुकवू नका

नेरूळ-सीवूड्समध्ये मुलगा किंवा मुलगी इंग्लंडला असलेली घरं काही कमी नाहीत. उन्हाळा आला की आई-वडील निघतात, आणि परत आल्यावर 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' या तलावाभोवतीच्या ट्रॅकवर सकाळी फिरताना ठरलेली नावं ऐकू येतात: लंडन, बाथ, स्टोनहेंज, स्ट्रॅटफर्ड. बसमधून उतरायचं, फोटो काढायचे, परत बसमध्ये चढायचं. त्या जागा चांगल्याच आहेत, माझं काही म्हणणं नाही. पण मुलांकडे दोन-तीन महिने राहणार असाल, तर त्यातला एक दिवस ट्यूक्सबरीसाठी राखून ठेवा. ग्लॉस्टरशरमधलं बाजारपेठेचं जुनं गाव आहे. सेव्हर्न आणि अ‍ॅव्हन या दोन नद्यांच्या संगमावर वसलेलं, आणि मधोमध मठाचं नऊशे वर्षांचं मोठं चर्च, म्हणजेच अ‍ॅबी. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण का कापला ते पुढे येईलच.

माझी नोकरी पावसाळी पाण्याच्या निचऱ्याच्या कामात गेली. नाले, रस्त्याखालून पाणी नेणारे कल्व्हर्ट, पावसाचं पाणी साठवणारे धारण तलाव, भरतीच्या वेळी मिटणारे फ्लॅप गेट. त्यामुळे नव्या गावात पाय ठेवला की पाणी येतं कुठून आणि जातं कुठे, हे मी आधी बघते. माझी थोरली बहीण, ठाण्याला नौपाड्यात असते, ती सोबत होती. ताईला देवळं, जुने वाडे, कोरीवकाम यांचं वेड, पण गुडघे दुखरे. आमच्या दोघींच्या आवडीत काडीचंही साम्य नाही, आणि तरी दिवसभरात एकीलाही कंटाळा आला नाही. या गावाबद्दल ही मोठीच गोष्ट म्हणायला हवी.

जायचं कसं

लेक बर्मिंगहॅमला असते. तिथून मोटारवेनं तासाभराच्या आसपास. जावई सोडायला तयार होते, पण आम्ही ट्रेननं गेलो. स्टेशनाचं नाव 'ॲशचर्च फॉर ट्यूक्सबरी'. गावाचं स्वतःचं स्टेशन १९६१ मध्ये बंद पडलं, आणि हे ॲशचर्चचं मधली बरीच वर्षं बंद राहून १९९७ मध्ये पुन्हा सुरू झालं. थेट गाड्या मोजक्याच आहेत, एरवी वूस्टर किंवा चेल्टनहॅमला बदलावं लागतं. स्टेशनापासून गाव तीनेक किलोमीटर. ताई नसती तर मी चाललेच असते. स्टेशनाबाहेर रिक्षासारखं काही उभं नसतं, तेव्हा टॅक्सी आधी सांगून ठेवा किंवा बसची वेळ जुळवून घ्या. चेल्टनहॅमहून थेट गावात येणारी बसही आहे, आणि ज्येष्ठांना तीच सोयीची.

अ‍ॅबी

प्रवेशाला तिकीट नाही. दाराशी देणगीची पेटी आहे, त्यात आवर्जून टाका, कारण एवढी इमारत उभी ठेवण्याचा खर्च शेवटी तिथल्या लोकांच्याच अंगावर येतो. आत स्वयंसेवक असतात, बहुतेक सगळे निवृत्त. आम्हाला पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ भेटले. ताईच्या हातात काठी बघितल्याबरोबर त्यांनी पायऱ्या टाळणारा रस्ता दाखवला आणि मग आपणहून बरोबर फिरले. पुस्तकातून पाठ केलेलं सांगत नव्हते. आपल्या घरातल्या गोष्टी सांगाव्यात तसं चाललं होतं.

बांधकाम सुरू केलं नॉर्मन सरदार रॉबर्ट फिट्झहॅमननं, बाराव्या शतकाच्या सुरुवातीला. अभिषेक झाला ११२१ मध्ये. दगड फ्रान्समधल्या नॉर्मंडीतल्या काँ (Caen) गावचा. समुद्र ओलांडून, मग सेव्हर्नमधून बोटीनं वर आणलेला. हे ऐकलं आणि मी तिथेच थांबले. त्या काळच्या रस्त्यांवरून बैलगाड्यांनी एवढा दगड आणायचा म्हटलं असतं तर किती पिढ्या लागल्या असत्या? नदी होती म्हणून हे बांधता आलं.

आत शिरल्यावर समोर येतात ते खांब. दोन्ही बाजूंना मिळून चौदा, प्रत्येक सुमारे तीस फूट उंच, गोल, कसलीही नक्षी नसलेले. ताई नक्षी शोधत होती, तिला ते सुरुवातीला बोडके वाटले. मी एका खांबाला हात लावला. थर नीट मोजता येतात. दोन थरांमधला सांधा मला बोटाच्या नखाइतकाही भरला नाही. काही दगडांवर छिन्नीचे तिरके ओरखडे अजून दिसतात, आणि शेजारच्या दगडावर ते वेगळ्या कलानं गेलेले आहेत, म्हणजे तो दुसऱ्या हाताचा असणार. पाटीवर सरदाराचं नाव दिसतं, पण हे ओरखडे ज्यांचे त्यांची नावं कुठेच नाहीत. मी बराच वेळ तिथे होते.

मग ताईला तिची नक्षी सापडली. खांबांवरचं छत नंतरचं, चौदाव्या शतकातलं. त्याच्या कमानींच्या प्रत्येक गाठीवर कोरीवकाम आहे. मधल्या ओळीत येशूचं चरित्र, वाद्यं वाजवणारे देवदूत. मान दुखेपर्यंत वर बघत होती. पूर्वेकडच्या सात उंच खिडक्यांतल्या काचा चौदाव्या शतकातल्याच. त्यांत चिलखत घातलेले सरदार ओळीनं उभे आहेत. एका छोट्या प्रार्थनाघराच्या माथ्यावर एडवर्ड डिस्पेन्सर नावाच्या सरदाराचा पुतळा आहे, गुडघे टेकून वेदीकडे तोंड करून बसलेला. माणूस छपरावर बसवलाय, असा पुतळा आम्ही दोघींनी आजवर कुठे पाहिला नव्हता.

बाहेरून बघाल तेव्हा मधला मनोरा बघा: १४८ फूट उंच आणि ४६ फूट रुंद, अंगानं चांगलाच भरलेला. त्यावर पूर्वी लाकडी कळस होता, तो १५५९ मध्ये कोसळला. पश्चिमेची एकात एक बसवलेली कमान ६५ फूट उंच आहे. तिच्यासमोर उभं राहून फोटो काढायचा तर रस्त्याच्या बाजूला बरंच मागं जावं लागतं.

आता ज्या गोष्टीसाठी ताई डोळे पुसत होती ती सांगते. आठव्या हेन्रीनं मठ बंद पाडायला घेतले, तेव्हा इथल्या बेनेडिक्टाइन भिक्षूंनी जानेवारी १५४० मध्ये मठ राजाच्या स्वाधीन केला. राजाच्या माणसांनी चर्चची इमारत 'अनावश्यक' म्हणून पाडायच्या यादीत घातली. गावकरी म्हणाले, या इमारतीचा पुढचा भाग पहिल्यापासून आमचंच पॅरिश चर्च, म्हणजे गावचं चर्च आहे. मग किंमत ठरली: छपरावरचं शिसं आणि घंटांची धातू वितळवून जे येईल तेवढी. ४५३ पौंड. गावानं ते भरले आणि अ‍ॅबी घेतली.

"अगं, म्हणजे वर्गणी काढून देऊळ सोडवून घेतलं की!" ताई म्हणाली. मी ते त्या गृहस्थांना इंग्रजीतून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, तेव्हापासून आम्ही वर्गणी गोळा करायचं थांबलेलोच नाही. आजही ते कॅथीड्रल, म्हणजे बिशपचं चर्च नाही, गावचं चर्च आहे. भिक्षूंच्या राहण्याच्या इमारती गेल्या, पूर्वेकडचं लेडी चॅपल, म्हणजे मेरीमातेचं प्रार्थनाघर गेलं, बाहेरच्या भिंतीत त्याच्या कमानीची खूण तेवढी उरली आहे.

लढाई

४ मे १४७१ ची ट्यूक्सबरीची लढाई याच गावाच्या दक्षिणेला झाली. यॉर्क आणि लँकेस्टर या घराण्यांचं भांडण. तपशिलात शिरत नाही, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. लँकेस्टरच्या बाजूच्या राणी मार्गारेटच्या सैन्याला सेव्हर्न ओलांडून वेल्सकडे जायचं होतं. ग्लॉस्टर शहरानं दारं उघडली नाहीत, म्हणून माणसं रखडत, दमून इथवर आली. नदी ओलांडायच्या आत यॉर्क घराण्याच्या राजा चौथ्या एडवर्डनं त्यांना गाठलं. पलीकडे जाता आलं असतं तर इंग्लंडच्या इतिहासाची पुढची पानं वेगळी लिहिली गेली असती.

राणीचा मुलगा, युवराज एडवर्ड, सतरा वर्षांचा, इथे मारला गेला आणि त्याला अ‍ॅबीतच पुरलं. फरशीत पितळेची पाटी आहे. त्या पाटीजवळ उभं राहून वर बघा. छतावर सोनेरी सूर्य रंगवलेले आहेत, आणि ते त्याला हरवणाऱ्या यॉर्क घराण्याचं चिन्ह आहे. पायाखाली मुलगा, डोक्यावर जिंकणाऱ्यांचे सूर्य. हरलेल्यांपैकी काहींनी अ‍ॅबीत आसरा घेतला होता. त्यांना बाहेर काढलं, आणि सॉमरसेटच्या ड्यूकसह कित्येकांची ६ मेला बाजारात मुंडकी उडवली. आज जिथे भाजी आणि चीज विकतात त्याच्या जवळपासच. रक्त सांडल्यामुळे अ‍ॅबी महिनाभर बंद ठेवून तिची शुद्धी करावी लागली.

सॅक्रिस्टीचं, म्हणजे पूजेचं सामान ठेवायच्या खोलीचं दार बघायला मिळतं का ते स्वयंसेवकांना विचारा. आतल्या बाजूनं त्यावर लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या आहेत. त्या रणांगणावरून गोळा केलेल्या चिलखतांच्या, असं परंपरेनं सांगतात. आम्हाला ते दार जवळून दिसलं. पट्ट्या एकमेकींवर चढवून ठोकल्यात, कडा खडबडीत आहेत आणि मध्येमध्ये भोकं आहेत.

कुरण, आणि २००७ चा पूर

आता माझा विषय. बहुतेक पाहुणे अ‍ॅबी बघतात, चहा पितात आणि जातात. तसं करू नका. अ‍ॅबीच्या मागून जुन्या पीठगिरणीकडे उतरा. तिथे अ‍ॅव्हनचा एक पाट आहे. भिक्षूंच्या काळात गिरणी चालवायला काढला, असं सांगतात. तो ओलांडला की समोर एकदम मोकळं होतं. हे सेव्हर्न हॅम: दोन पाण्यांच्या मधलं सुमारे ७० हेक्टरचं कुरण. एक घर नाही, एक शेड नाही. उन्हाळ्यात गवत वाढू देतात, कापतात, मग गुरं सोडतात. लोक कुत्री घेऊन फिरतात.

नवी मुंबईतल्या माणसानं हे कुरण डोळे भरून बघावं. आपल्याकडे भरतीच्या पातळीखालच्या जमिनीवर नोड, म्हणजे शहराचे विभाग वसवताना सिडकोनं धारण तलाव ठेवले, ते याचसाठी. समुद्र चढलेला असताना पाऊस पडला तर पाण्याला थांबायला जागा हवी. भरती ओसरली की गेट उघडतात आणि पाणी खाडीत जातं. आपण सकाळी ज्या ज्वेलभोवती फिरतो तोही असाच एक तलाव आहे. बऱ्याच तलावांत गाळ भरलाय, खारफुटी वाढलीय, आणि खारफुटी तोडता येत नाही म्हणून गाळ निघत नाही. खारफुटीही हवी आणि तलावाची खोलीही हवी, हा पेच मला नोकरीत कधी सुटला नाही. ट्यूक्सबरीच्या लोकांनी शतकानुशतकं या कुरणावर काही बांधलं नाही. ती जागा रिकामी नाही, ती नदीची आहे, हे गावाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

तरीही जुलै २००७ मध्ये पाणी आलं. २० जुलैला तुफान पाऊस झाला, दोन्ही नद्या एकदम चढल्या. तेव्हाचे हवाई फोटो तुम्ही पाहिले असतील: चहूकडे तपकिरी पाणी आणि मधोमध अ‍ॅबी व तिच्याभोवतीची थोडीशी हिरवळ. थोडं पाणी अ‍ॅबीच्या आतही गेलं, आणि असं होण्याची अडीचशे वर्षांतली ती पहिलीच वेळ, असं तिथले लोक सांगतात. विचार करा, बाराव्या शतकातल्या माणसांनी जागा निवडताना जेमतेम काही फुटांचा उंचवटा हेरला, आणि तो एवढी वर्षं पुरला. लेव्हलिंगचं यंत्र नव्हतं त्यांच्याकडे. पूर कुठवर येतो हे बघत राहिलेली माणसं होती.

गावाच्या उत्तरेला माइथ इथे जलशुद्धीकरण केंद्र आहे. त्यात पाणी शिरलं आणि ते बंद पडलं. साडेतीन लाख लोकांचे नळ कोरडे, काही भागांत सतरा दिवसांपर्यंत. दारात पूर आणि प्यायला टँकर. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण २६ जुलै २००५ च्या रात्री मी कामावर होते. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटरची नोंद झाली ती रात्र. पाऊस आणि भरती एकत्र आले की गेटजवळ उभं राहून वाट बघण्याखेरीज फार काही करता येत नाही. ते मिशाळ गृहस्थ २००७ मध्ये गावातच होते. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसून पाण्याबद्दल बोललो. कुठून चढलं, कुठल्या बाजूनं आधी आलं, ओसरायला किती वेळ लागला. ताई तोवर दुकानात पोस्टकार्डं बघत होती.

चालायची तयारी असेल तर माइथचा पूल बघा. टॉमस टेलफर्डनं बांधलेला बिडाचा पूल, १८२६ चा, एका कमानीत १७० फूट. अजून वाहतूक चालू आहे. स्थापत्यशास्त्र शिकलेल्या कुणालाही तो बघून आनंद होईल.

गाव आणि बाजार

नद्यांमुळे गावाला बाहेर पसरताच आलं नाही. म्हणून मुख्य रस्त्यावरच्या घरांच्या मागे लोक बांधत गेले आणि मध्ये बोळ राहिले. एकेकाळी नव्वदच्या आसपास होते, आता तीसेक उरलेत. काही इतके अरुंद की समोरून कुणी आलं तर एकानं थांबायचं. एका बोळात जुनं बाप्टिस्ट चॅपल आहे, पंधराव्या शतकातल्या लाकडी घरात. रस्त्यावरची घरं काळ्या तुळयांची आणि पांढऱ्या गिलाव्याची. वरचे मजले पुढे झुकलेले. अ‍ॅबीच्या शेजारी भिक्षूंनी बांधलेल्या लहान दुकान-घरांची रांग आहे, तीही पंधराव्या शतकातली. त्यातल्या एका घरात तेव्हाच्या व्यापाऱ्याचं बिऱ्हाड कसं असेल ते मांडून दाखवलंय.

आम्ही गेलो तो शनिवार होता, बाजार भरला होता. आकाराची मोठी अपेक्षा ठेवू नका; वाशीच्या एपीएमसीत वाढलेल्या डोळ्यांना तो चिमुकला वाटेल. भाजी, ब्रेड, रोपं, कपडे.

खरेदी करायची तर एकच गोष्ट करा: इथली मोहरी. हॉर्सरॅडिश नावाचं झणझणीत मूळ घालून वाटलेली. पूर्वी तिचे गोळे वाळवून ठेवत आणि लागेल तसे व्हिनेगरमध्ये कालवत. शेक्सपिअरनंही हिचा दाट म्हणून दाखला दिलाय. ताईनं पावाच्या तुकड्यावर चाखली, डोळ्यांत पाणी आलं, म्हणाली, "ही तर आईची लोणच्याला फेसलेली मोहरी!" अगदी तसाच नाकात चढणारा झटका. नेरूळला आल्यावर मी ती दह्यात कालवून काकडीच्या कोशिंबिरीला घातली. झकास होते.

खाणं आणि अर्धा गुण

शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही. बटाटा-लीकचं सूप, भाजलेला बटाटा चीज आणि बीन्स घालून, चहाबरोबर स्कोन. मुख्य रस्त्यावरच्या एका कॅफेत, नाव लिहीत नाही, बटाटा आतून गार आला. सांगितल्यावर बदलून दिला, पण अर्धा तास गेला. अर्धा गुण मात्र दुसऱ्याच कारणासाठी कापलाय. दुकानं आणि कॅफे संध्याकाळी पाचच्या सुमाराला मिटतात, आणि अ‍ॅबीतली संध्याकाळची प्रार्थना ऐकून बाहेर आलो तर साधा चहा मिळेना. प्रार्थना मात्र चुकवू नका. तीही विनामूल्य. ऑर्गनमधल्या काही नळ्या १६३१ च्या आहेत, ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजातून हॅम्प्टन कोर्ट करत इथे आलेल्या. धर्म वेगळा म्हणून बिचकू नका, मागच्या बाकावर शांत बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

ज्येष्ठांसाठी

अ‍ॅबीचा बहुतेक भाग सपाट आहे. मनोऱ्यावर चढण्याचे दौरे ठरावीक दिवशीच असतात, आणि गुडघेदुखीवाल्यांनी त्या अरुंद पायऱ्यांच्या नादी लागू नये. स्वच्छतागृहं बरी. कुरणावर मातीची वाट आहे, स्पोर्ट्स शूज घाला, चप्पल नको. उन्हाळ्यात गेलात तर मुख्य रस्त्यावर लढाईतल्या सरदारांच्या चिन्हांचे कापडी झेंडे लावलेले असतात, आणि जुलैत मध्ययुगीन जत्रा भरते. गर्दी चालत असेल तरच तेव्हा जा. मोहरीची बाटली चेक-इन बॅगेत ठेवा, केबिन बॅगेतून काढून घेऊ शकतात.

हिवाळ्यात जाणार असाल तर निघण्याच्या आदल्या रात्री सेव्हर्नची पातळी बघा. सरकारी संकेतस्थळावर दिवसभर नवे आकडे येत असतात, जावयांना सांगितलं तर दोन मिनिटांत काढून देतील. पाणी चढलेलं असेल तर कुरण आणि पाटाकाठची वाट बंद असते. अशा वेळी दोन-तीन आठवडे थांबून जा, पण कुरण बघता येईल असाच दिवस निवडा.